आधी ऐका, मग हात लावा

अकोल्यात मोर्णा नदीच्या एका काठाला जुने शहर आहे. असदगडाची तटबंदी, राजराजेश्वराचे मंदिर, हरिहर पेठ, डाबकी रोड, जयहिंद चौक असा हा दाट वस्तीचा भाग. नदी ओलांडून पलीकडच्या शहरात आले की सर्वोपचार रुग्णालय. जुन्या शहरातला हमाल किंवा दालमिलमधली मजूर बाई सकाळी केसपेपर काढायला रांगेत लागते, तेव्हा त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. इथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्ये सुरू झाले. त्यामुळे वॉर्डात या माणसांजवळ बसून सगळ्यात सविस्तर विचारपूस करणारा बऱ्याचदा विद्यार्थीच असतो.

हा लेख त्या विद्यार्थ्यासाठी आहे. तो एमबीबीएसचा असो, नर्सिंगचा असो, नाहीतर इथल्या राधाकिसन तोष्णीवाल आयुर्वेद महाविद्यालयात दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा शिकणारा असो. सांगायचे एवढेच आहे, की रुग्णाशी बोलणे आणि रुग्णाला तपासणे ही दोन सुटी कामे नाहीत. हकीकत नीट ऐकली, तरच हात कुठे थांबवायचा हे कळते. जो घाईने ऐकतो तो सगळे अंग तपासतो आणि नेमके हवे ते त्याच्या हातून सुटते.

याला पुरावा आहे. १९७५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाह्यरुग्ण विभागात नव्याने आलेल्या ८० रुग्णांपैकी ६६ जणांचे निदान, पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि हकीकत ऐकूनच बरोबर ठरले होते. अंगतपासणीमुळे ७ जणांचे निदान बदलले आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांमुळे आणखी ७ जणांचे. आज चाचण्या पुष्कळ वाढल्या आहेत. पण कोणती चाचणी करायची हे अजूनही हकीकतच ठरवते, आणि ज्याच्या खिशात परतीच्या ऑटोपुरतेच पैसे आहेत त्याच्यासाठी ही गोष्ट फार मोलाची आहे.

बोलायला बसण्याआधी

खाटेजवळ जाताना हात धुवा किंवा सॅनिटायझर लावा, आणि ते रुग्णाला दिसेल असे करा. नाव सांगा, आपण विद्यार्थी आहोत हे सांगा आणि परवानगी मागा. “काकाजी, मी इथे शिकतो. तुमच्याशी थोडं बोलू का? मग तपासू का?” एवढे पुरते. रुग्ण नाही म्हणाला तर आभार मानून पुढे जा. उपचार त्याच्या होकारावर अवलंबून नाहीत, हेही त्याला कळू द्या.

हाक कशी मारायची याचा विचार करा. वऱ्हाडात काकाजी, मावशी, भाऊ, ताई चालते. जुन्या शहरातल्या मुस्लिम घरातल्या वडीलधाऱ्यांना चाचा, खाला म्हटले आणि हिंदीत बोलले की ते मोकळे होतात. ‘ए आजी, बेड नंबर सहा’ अशी हाक मारली की तिथेच बोलणे संपते. शक्य असेल तर स्टूल ओढून बसा. उभ्याने विचारणारा माणूस निघण्याच्या तयारीत दिसतो आणि रुग्णही मग दोन शब्दांत आटोपतो.

पहिली दोन मिनिटे रुग्णाची

पहिला प्रश्न मोकळा ठेवा: “काय त्रास होऊन रायला, सांगा जी.” मग गप्प बसा. लिहू नका, मोबाइल पाहू नका, मधे बोलू नका. अमेरिकेतल्या १९८४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसले, की डॉक्टर रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत अडवतात. उलट, स्वित्झर्लंडमध्ये ३३५ रुग्णांना अडवायचे नाही असे ठरवून ऐकले, तेव्हा ते सरासरी ९२ सेकंदच बोलले आणि दर शंभरातल्या ७८ जणांचे बोलणे दोन मिनिटांत आटोपले. म्हणजे ‘बोलू दिले तर हा तासभर बोलेल’ ही भीती बहुतेक वेळा खोटी असते.

रुग्ण थांबला की लगेच प्रश्नांची सरबत्ती करू नका. “अजून काय?” असे एकदा विचारा. जे सांगायला संकोच वाटतो ते बऱ्याचदा या दुसऱ्या वेळी बाहेर येते. त्यानंतर नेमके प्रश्न घ्या: कधीपासून, कुठे, कसे, कशाने वाढते, कशाने थांबते, सोबत आणखी काय होते, आधी असे झाले होते का, आणि या दुखण्यामुळे कोणते काम बंद पडले. शेवटचा प्रश्न विद्यार्थी वगळतात. “पूर्वी जिना एका दमात चढायची, आता मधे बसावं लागते” या एका वाक्यात आजार किती वाढला आहे ते कळते.

छातीतली जळजळ: एक उदाहरण

समजा, पन्नाशीचे एक हमाल समोर बसले आहेत.

“छातीत जयजय होते जी. ॲसिडिटी आहे. गोळी द्या.”

इथे विद्यार्थी चटकन ‘ॲसिडिटी’ असे लिहितो आणि तिखट खाता का, चहा किती पिता याकडे वळतो. त्याऐवजी तो म्हणाला, “कवा होते, ते नीट सांगा,” तर काय होते पहा.

“पोतं उचललं का होते. छाती भरून येते. खाली ठेवून बसलो का थांबते.”

“जेवल्यावर?”

“नाई, जेवणाचं काई नाई.”

“आणखी कुठं दुखते का?”

“डाव्या हाताले मुंग्या येतात. जबडा आखडल्यावाणी होते.”

“पहिल्यापासून असंच आहे का?”

“आंधी दोन-तीन पोते उचलल्यावर होये. आता एका पोत्यावर होते. काल रातच्याले झोपेतबी झालं.”

आता चित्र बदलले. श्रमाने येणारे आणि विश्रांतीने जाणारे हे दुखणे हृदयाच्या रक्तपुरवठ्याचे असण्याची दाट शक्यता आहे. ते वाढत चालले आहे आणि झोपेतही आले आहे, म्हणजे वेळ थोडा आहे. विद्यार्थ्याने तपासणी पुरी करत बसायचे नाही, उठून वरिष्ठ डॉक्टरांना सांगायचे. अशा रुग्णाचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघायला हवा. लक्षात घ्या, या माणसाची नाडी, रक्तदाब, हृदयाचे ठोके सगळे त्या घडीला नेहमीसारखे असू शकते. तेव्हा स्टेथोस्कोप लावून काही सापडले नाही म्हणून त्याला घरी पाठवले तर ती घोडचूक ठरेल. निदान त्याच्या पोत्याच्या हिशेबात होते.

रुग्णाने स्वतःच आजाराचे नाव सांगितले तर ते नाव ऐकून घ्या, पण त्या नावाखाली त्याला नेमके काय होते ते खोदून विचारा. केसपेपरवर मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत लिहा. वैद्यकीय शब्द नंतर लिहिता येतात.

वऱ्हाडात हे विचारायलाच हवे

पुस्तकातली प्रश्नांची यादी सगळ्या जगासाठी असते. अकोल्यात तिला काही प्रश्न जोडावे लागतात.

*काम काय?* ‘शेती’ हे उत्तर पुरेसे नाही. कपाशीवर, सोयाबीनवर फवारणी केली का, केव्हा केली, तोंडाला काही बांधले होते का, कपडे कधी बदलले, हे विचारा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. उलट्या, घाम, लाळ आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेला शेतमजूर ‘पोट बिघडले’ म्हणून येऊ शकतो. त्याच्या कामाची विचारपूस झाली तरच तुम्ही बॅटरी घेऊन बाहुल्या पाहाल. मे महिन्यात काम उन्हातले आहे का हेही विचारा. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बडबडणारा, तापलेला मजूर उष्माघाताचा रुग्ण असू शकतो.

*पाणी कुठले?* अकोला शहराला काटेपूर्णेच्या महान धरणाचे पाणी मिळते. पण पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे आणि तिथले भूजल खारे आहे. मुतखड्याच्या आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी या गावांमधून नेहमी ऐकू येतात. रुग्ण जुन्या शहरात राहत असला तरी मूळ गाव कोणते, किती वर्षे बोअरचे पाणी प्यायला, हे विचारून ठेवा.

*खर्रा?* ‘व्यसन आहे का’ विचारले की उत्तर ‘नाही’ येते, कारण तंबाखू-सुपारीचा खर्रा कित्येकांच्या लेखी व्यसनात मोडतच नाही. “दिवसाला किती खर्रे लागतात?” असे सरळ विचारा. उत्तरात आकडा आला की तोंडाची तपासणी नक्की करायची. रुग्णाला त्याचीच तीन बोटे उभी एकावर एक धरून दातांमध्ये घालायला सांगा. ती जात नसतील तर तोंड उघडणे कमी झाले आहे. मग चांगल्या उजेडात दोन्ही गालांची आतली बाजू आणि जिभेच्या कडा पहा. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, ताठरलेली त्वचा दिसली तर लगेच वर कळवा.

*उपास, रोजे?* मधुमेहाचा रुग्ण श्रावणात, नवरात्रात किंवा रमजानमध्ये आला तर गोळी आणि जेवण यांचा मेळ कसा घालतो ते विचारा. उपदेश करू नका. आधी तो नेमके काय करतो ते कळू द्या.

अवघड प्रश्न कसे विचारावे

“गोळ्या रोज घेता ना?” या प्रश्नाला ‘हो’शिवाय उत्तर नाही. त्याऐवजी म्हणा, “रोजच्या गोळीत कधीमधी खंड पडतोच. तुमचा आठवड्यातून किती वेळा पडतो?” मग खरे उत्तर येते. औषधांची पिशवी आणली असेल तर ती खाटेवर ओतून एकेक पाकीट पहा. त्यात दोन दवाखान्यांच्या एकाच जातीच्या गोळ्या निघतात, शेजारणीने दिलेली दुखण्याची गोळी निघते. गावात कुणी सुई-सलाईन लावले का, झाडपाल्याचे काही घेतले का, हेही न रागावता विचारा. एकदा रागावलात की पुढच्या वेळी रुग्ण लपवतो.

दारू, मानसिक त्रास, लैंगिक तक्रारी यांबद्दल विचारण्याआधी कारण सांगा: “सगळ्यांनाच विचारतो, उपचाराला उपयोग होतो, हे उपचार करणाऱ्यांपुरतंच राहील.” शेवटी दोन प्रश्न ठेवा: “तुम्हाला स्वतःला हे कशामुळे झालं असं वाटते?” आणि “सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?” डोके दुखते म्हणून आलेल्या बाईची खरी भीती, शेजारच्या कुणाला झालेला लकवा आपल्याला होईल, ही असते. तिला हवा असलेला दिलासा हा प्रश्न विचारल्याशिवाय देता येत नाही.

बाईचे दुखणे बाईलाच विचारा

सून खाटेवर आणि उत्तरे सासू देते, हे नेहमीचे चित्र आहे. सासूचा मान राखून तिची माहिती ऐका, मग म्हणा, “मावशी, तपासणी करायची आहे, थोडं बाहेर बसा जी.” सिस्टर किंवा सोबतची विद्यार्थिनी थांबवा, पडदा ओढा आणि रुग्णाला पुन्हा मोकळा प्रश्न विचारा. पाळी, अंगावरून पांढरे जाणे, लघवीची आग, घरातली मारहाण या गोष्टी तेव्हाच कळतात.

हे मौन किती खोल आहे ते विदर्भानेच जगाला दाखवले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तक्रार केली नाही याचा अर्थ आजार नाही, असा घेऊ नका.

पुरुष विद्यार्थ्याने स्त्री रुग्णाची तपासणी दुसरी स्त्री हजर असल्याशिवाय करू नये. बुरखा किंवा पदर बाजूला करायचा असेल तर का करायचा ते सांगून तिलाच करू द्यावा. जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडावा आणि झाले की लगेच झाकावा. हे नियम तुमच्या आईसाठी जसे पाळले जावेत असे तुम्हाला वाटते, तसेच इथे पाळा.

तपासणी: आधी डोळ्यांनी

रुग्ण दारातून खाटेपर्यंत कसा चालत आला, वाक्य पुरे करताना दम लागतो का, उशा किती घेतल्या आहेत, हे हात लावण्याआधी पहा. डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा विंचूदंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावत. त्यांनी खाटेजवळ बसून नोंदी ठेवल्या: दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, नाडीचा वेग, मग फुप्फुसात साचणारे पाणी. ती निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली आणि पुढे प्राझोसिनच्या वापराने असंख्य जीव वाचले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी यंत्रे हाताशी नसताना, नीट पाहणे आणि लिहून ठेवणे यावर हे काम उभे राहिले.

फिकटपणा आणि कावीळ दिवसाच्या उजेडात पहा. ट्यूबलाइटखाली फसगत होते. खालची पापणी, जीभ, तळहात, नखे एकमेकांशी ताडून पहा. मगच हात लावा, आणि रुग्णाच्या उजव्या बाजूला उभे राहा.

चार गोष्टी, पण चोख

*नाडी आणि श्वास.* नाडी अनियमित लागली तर पूर्ण एक मिनिट मोजा. श्वास मोजतो आहोत हे सांगू नका, नाहीतर श्वासाची गती बदलते. नाडी धरल्यासारखा हात तसाच ठेवून छातीची हालचाल मोजा. लहान मूल शांत असताना पूर्ण मिनिट मोजा. दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा अधिक, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वास. खोकल्याच्या बाळात ही न्यूमोनियाची खूण मानतात आणि त्यासाठी घड्याळाशिवाय काही लागत नाही.

*रक्तदाब.* रांगेतून धापा टाकत आलेल्या माणसाचा रक्तदाब लगेच घेऊ नका. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवा. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली का, लघवीला जायचे आहे का, विचारा. कफ बाहीवर नको, उघड्या दंडावर हवा आणि दंड हृदयाच्या पातळीत. आधी मनगटाची नाडी हाताने जाणवत असताना कफ फुगवा, नाडी बंद होईल तो आकडा लक्षात ठेवा, त्याहून ३० वर नेऊन सावकाश सोडा. घेताना बोलू नका, त्यालाही बोलू देऊ नका.

*पोट.* गुडघे दुमडायला सांगा, हात चोळून गरम करा. कुठे दुखते ते एका बोटाने दाखवू द्या आणि तपासणी त्या जागेपासून लांब सुरू करा. दाबण्याआधी स्टेथोस्कोपने आतड्यांचे आवाज ऐका. दाबताना पोटाकडे पाहू नका, चेहऱ्याकडे पहा. कपाळाची आठी तोंडाच्या ‘नाही’पेक्षा खरी असते.

*पाय.* श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला वाहतात. हजारो भक्त अनवाणी चालतात. त्यांच्यात मधुमेहाचे रुग्णही असतात आणि पायाची संवेदना गेलेली असेल तर खडा रुतल्याचे त्यांना कळत नाही. ते ‘अशक्तपणा’ किंवा ‘ताप’ सांगत येतात. म्हणून मधुमेह म्हटला की चपला-मोजे काढायला लावा. तळवे, टाचांच्या भेगा, बोटांच्या बेचक्या पहा, दोन्ही पायांच्या नाड्या हाताला लागतात का पहा, १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने स्पर्श तपासा. रुग्णाला डोळे मिटायला सांगायला विसरू नका. सूज पाहायची तर नडगीवर अंगठा किमान दहा सेकंद दाबून धरा.

सराव आणि शेवटचे काम

तपासणी संपली की तुम्हाला काय वाटले ते रुग्णाला त्याच्या भाषेत सांगा. निदान ठरवणे वरिष्ठांचे काम असले तरी “तुमचं म्हणणं मी डॉक्टरांना असं सांगणार आहे” एवढे सांगता येते. ते ऐकून तो बऱ्याचदा दुरुस्ती करतो. सल्ला दिला असेल तर “घरी गेल्यावर बायकोला कसं सांगाल?” असे विचारा. त्याच्या उत्तरातून तुमचे बोलणे कुठे अपुरे पडले ते कळते.

२०१९ पासूनच्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात स्थानिक भाषा, संवाद आणि रुग्णाशी वागणूक यांना जागा मिळाली आहे. पण लॉगबुकातली सही म्हणजे कौशल्य नव्हे. दोघांनी जोडीने जा: एकाने बोलावे, दुसऱ्याने रुग्णाला किती सेकंदांत अडवले ते टिपावे, आणि वॉर्डाबाहेर येऊन एकमेकांना स्पष्ट सांगावे. नेहमीच्या छातीचे आवाज शेकडो वेळा ऐकले तरच बिघडलेला आवाज कानाला खटकतो, म्हणून मित्रांच्या छातीवरही सराव करा.

आणि आज वॉर्डात गेलात की एका रुग्णाची फाइल न उघडता त्याच्याजवळ बसा. त्याची हकीकत ऐका, ती जिथे नेईल तिथे तपासा, स्वतःचे मत लिहा. मग फाइल उघडून ताडून पहा. फाइलीत नसलेले काही तुम्हाला सापडले असेल, तर संकोच न करता वरिष्ठांना सांगा आणि त्यांच्या संमतीने त्याची नोंद होऊ द्या. तुम्ही विद्यार्थी असलात तरी त्या माणसाच्या उपचारात त्या दिवशी तुम्ही खरी भर घातलेली असेल.